होडीचा वाटा

एक जुनी होडी विकत घेऊन ती दुरुस्त करावी की करू नये, हा प्रश्न गेले पाच महिने माझ्यासमोर आहे. मराठीच्या प्राध्यापकाला असा प्रश्न पडावा याचे आमच्या महाविद्यालयात काहींना नवल वाटले, काहींची त्यामुळे चांगली करमणूकही झाली. परंतु जसजसा मी त्यावर विचार करू लागलो तसतसे मला जाणवत गेले, की 'जुने ते जपले पाहिजे' हे जे वाक्य आपण वर्गात, व्याख्यानात आणि लेखात इतक्या सहजपणे उच्चारतो, त्याची परीक्षा पाहणारा हा प्रश्न आहे. जुने हस्तलिखित जपायचे तर कोरडी जागा, कपाट आणि कसरीपासून संरक्षण एवढे पुरते. होडीचे तसे नाही. ती कपाटात ठेवता येत नाही. आणि ठेवता आली तरी तसे ठेवणे हाच तिचा अंत ठरतो.

ही होडी सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कर्लीच्या खाडीकाठी, माडांच्या सावलीत पडून आहे. लांबी सुमारे चौदा हात, रुंदी दीड हाताच्या आतबाहेर. तळ आंब्याच्या एकाच खोडातून कोरून काढलेला. त्यावर दोन्ही अंगांनी फळ्या चढवून उंची वाढवलेली. या फळ्या तळाला खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, त्या सुंभाने शिवलेल्या आहेत. इतकी अरुंद होडी पाण्यात टाकली तर ती क्षणात कलंडेल. ती कलंडू नये म्हणून तिच्या एका बाजूला दोन वाकड्या दांड्यांच्या टोकांना एक लांब, हलका ओंडका बांधलेला असतो. त्याला उलांडी म्हणतात. हा ओंडका बहुधा पांगाऱ्याचा, कारण पांगाऱ्याचे लाकूड वजनाला अतिशय हलके. आज याच खाडीत पर्यटकांना फिरवणारे जे सपाट तराफे पोकळ पिपांवर तरंगताना दिसतात, त्यांच्यामागचे तत्त्वही फार निराळे नाही: भार एकाने वाहायचा आणि तोल दुसऱ्याने सांभाळायचा.

मराठी भाषेने होडीकडून पुष्कळ काही घेतले आहे. राज्याचे सुकाणू कोणाच्या तरी हाती असते, कोणी आयुष्याचा नांगर कुठे तरी टाकतो, कोणाच्या शिडात अनुकूल वारा भरतो. नांगर, शीड, सुकाणू, वल्हे हे सारे वाक्प्रचारांत आले. उलांडी मात्र काठावरच राहिली. अग्रलेखांत ती भेटत नाही. तोल सांभाळणाऱ्याची दखल भाषाही उशिरानेच घेते की काय, असे वाटून जाते.

माझा आणि या होडीचा संबंध वर्गातून आला. 'आज्ञापत्र' शिकवताना आरमाराच्या प्रकरणापाशी मी दरवर्षी थोडा अडखळतो. मी घाटावरचा, नोकरीच्या निमित्ताने अठरा वर्षांपूर्वी कोकणात आलो. गुराब, गलबत, तरांडे, पगार हे शब्द माझ्यासाठी कोशातले. दोन वर्षांपूर्वी गाबीत कुटुंबातील एका विद्यार्थिनीने वर्ग संपल्यावर विचारले, की सर, आमच्या होड्यांचे शब्द यात का नाहीत? त्यातून होडीच्या अवयवांची आणि कामांची एक शब्दसूची करण्याचा उपक्रम निघाला. मुले घरोघर जाऊन शब्द आणू लागली. शब्द आले, पण ज्यांना ते शब्द चिकटलेले होते त्या वस्तू पाहायला मिळेनात. अखेर त्याच विद्यार्थिनीने आपल्या चुलत आजीच्या परसात पडलेली ही होडी दाखवली. तिचा धनी वारल्यापासून सहा पावसाळे ती पाण्यात गेलेली नाही. मुलगा गोव्यात ट्रॉलरवर कामाला. काकींनी होडी विकायची ठरवली होती आणि चाळीस हजार रुपये ही किंमत सांगितली होती.

येथे स्वतःविषयी एक शंका प्रथमच मांडून टाकणे बरे. कोकणाविषयीच्या आपल्या लेखनात स्मरणरंजनाचा भाग बराच असतो. चौसोपी घर, माडाच्या बागा, ओसरीवरचा झोपाळा, खाडीवरची होडी. लिहिणारा बहुधा मुंबईत किंवा पुण्यात असतो आणि त्याने सोडून दिलेल्या गावाने तसेच राहावे अशी त्याची अपेक्षा असते. माझे बालपण येथले नाही, त्यामुळे त्या अर्थाने मला आठवण्यासारखे काही नाही. परंतु दुसऱ्यांच्या आठवणी उसन्या घेऊन हळवे होणे हाही शिक्षकी पेशातील लोकांचा एक छंद असतो. होडी घेण्याची इच्छा त्या छंदातून तर आली नसेल?

ही शंका खरी मानून मी दुसऱ्या बाजूचा विचार केला. गावातील लोकांनी लाकडी होड्या सोडून फायबरच्या होड्या घेतल्या, त्यात त्यांचे काय चुकले? फायबर कुजत नाही. त्याला वर्षातून दोनदा तेल पाजावे लागत नाही. मागे यंत्र लावले की दोन माणसांत धंदा होतो. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे जे प्राणी असतात (त्यांना किडे म्हणण्याची रीत आहे, पण ते वस्तुतः शिंपल्यांच्या कुळातले) त्यांना फायबरमध्ये शिरकाव नाही. ज्या माणसाच्या घरची चूल होडीवर पेटते त्याला हे सारे आपल्यापेक्षा अधिक कळते. तेव्हा 'परंपरा लोप पावली' असा गळा काढण्याचा अधिकार, जिला त्या परंपरेपायी कधी पहाटे थंड पाण्यात उतरावे लागले नाही त्या व्यक्तीला नाही, असे माझे मत आहे. होडी घ्यायची तर त्याचे कारण याहून वेगळे असले पाहिजे.

जुन्या मराठी ग्रंथांनी या प्रकरणी मला दोन परस्परविरोधी सल्ले दिले. पहिला ज्ञानेश्वरीचा. नवव्या अध्यायात ज्ञानेश्वर विचारतात, की शंभर ठिकाणी फुटलेल्या नावेत बसून कोणी निश्चिंत कसा राहील? त्यांनी योजलेले 'शतजर्जर' हे विशेषण एकदा वाचले की विसरता येत नाही. अर्थात, तेथे विषय या अनित्य लोकाचा आहे, होडीच्या बाजाराचा नाही. पण रूपक करणाऱ्याने नाव नीट पाहिली होती, हे उघड आहे. आपल्या संतकाव्यात भवसागर आहे, तारू आहे, पैलतीर आहे. पण त्या तारवाच्या डागडुजीचा विचार क्वचितच येतो. पैलतीरी जाणाऱ्याला परत यायचे नसते, म्हणून त्याला होडीच्या पुढच्या पावसाळ्याची काळजी नसते. मासे मारणाऱ्याला मात्र संध्याकाळी याच तीरावर परत यावे लागते.

दुसरा सल्ला 'आज्ञापत्रा'चा. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या या ग्रंथात आरमारासाठी लाकूड कोठून आणावे याविषयीचा जो मजकूर आहे, तो बहुतेकांनी शाळेत केव्हा तरी ऐकलेला असतो. रानातला साग परवानगीने तोडावा. आंबा-फणसही आरमाराच्या उपयोगाचेच, पण त्यांना हात लावू देऊ नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती मुलांसारखी वाढवलेली असतात. आपण येथेच थांबतो आणि पर्यावरणदिनाचे भाषण संपवतो. परंतु त्यापुढे अमात्य आणखी एक गोष्ट सांगतात: एखादे झाड फारच जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर त्याच्या धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने ते न्यावे, जबरदस्ती मुळीच करू नये. म्हणजे जीर्ण वस्तूचे काय करावे, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर आहे, आणि त्या उत्तराच्या मध्यभागी वस्तू नसून धनी आहे. तो राजी आहे काय? त्याला मोल मिळाले काय? (आंबा आणि फणस ही दोन्ही झाडे महाराष्ट्राच्या १९६४च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीतही आहेत आणि आजही ती तोडायला परवानगी लागते. सुमारे अडीचशे वर्षांच्या अंतराने दोन राजवटींनी तीच झाडे नजरेसमोर ठेवावीत, हे लक्षात घेण्याजोगे आहे.) ज्या आंब्यातून ही होडी कोरली त्याच्याही धन्याला कोणीतरी केव्हातरी राजी केलेच असेल.

ग्रंथांचे झाल्यावर मी मेस्त्रींकडे गेलो. पलीकडच्या वाडीत राहणाऱ्या या गृहस्थांचे वय चौऱ्याहत्तर आहे. सुंभाने होडी शिवणारे आसपास आता तेवढेच. त्यांनी होडी पाहायला येण्याचे कबूल केले, पण त्याआधी एक गोष्ट स्पष्ट केली. "घेवची तर पाण्यात घाला. शोभेक ठेवची आसली तर माका बोलवू नकात."

त्या दिवशी दोन तास मी एका माणसाला होडी वाचताना पाहिले. मला दुसरे क्रियापद सुचत नाही. त्यांनी हातोडीच्या दांड्याने तळावर ठिकठिकाणी हलके ठोके दिले आणि आवाज ऐकला. जेथे लाकूड निरोगी तेथे आवाज खणखणीत, जेथे कुजलेले तेथे बद्द. संशय आला तेथे चाकूचे टोक दाबून पाहिले. एका अंगाच्या फळीत ते पेरभर आत गेले. तळाच्या खोडाला मात्र मागील बाजूच्या एका लांब चिरेखेरीज काही झालेले नव्हते. कुजले होते ते पावसाच्या पाण्याने. झापांचे छप्पर तीन वर्षांपूर्वी उडाले आणि होडीत पाणी साचत गेले. समुद्राच्या पाण्यातील मीठ लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला वाढू देत नाही. गोड्या पाण्याला तो गुण नाही. म्हणजे ज्या पाण्यासाठी ती घडवली त्याने तिला राखले असते. ज्याच्यापासून कोणी तिचा बचाव केला नाही त्या पावसाने तिला खाल्ले.

मग त्यांनी मला एक सोपी, पण माझ्या लेखी निर्णायक ठरलेली गोष्ट समजावून सांगितली. लाकडी होडी सतत पाण्यात ठेवली तर पोखरणारे प्राणी तिला लागतात. सतत कोरड्यावर ठेवली तर लाकूड आकसते, फटी पडतात, सुंभ ठिसूळ होते. पाण्यात जावे, बाहेर यावे, वाळावे, तेल प्यावे, पुन्हा पाण्यात जावे, असा तिचा क्रम असतो. हा क्रम कोणी संवर्धनासाठी आखलेला नाही. तो मासेमारीचा रोजचा क्रम आहे. वापर आणि जतन या दोन गोष्टी आपण नेहमी एकमेकींच्या विरुद्ध मानतो: वापरले की झिजते, जपायचे तर वापरू नये. होडीच्या बाबतीत वापर हेच जतन आहे. भाषेच्या बाबतीतही तसेच असावे, असे आमची शब्दसूची चाळताना मला वाटू लागले. पण तो विषय येथे नको.

दुरुस्तीचा अंदाज त्यांनी ऐंशी-पंच्याऐंशी हजारांचा दिला. दोन्ही अंगांच्या फळ्या नव्या, चिरेला आतून पट्टी, उलांडी नवी, सगळी शिवण उसवून पुन्हा, वर काजूच्या टरफलांच्या काळ्या तेलाचे हात. मी माझ्या परीने विचारले, की इतके बदलल्यावर होडी जुनी राहील काय? त्यांना प्रश्नच कळला नाही. या होडीच्या फळ्या त्यांनी स्वतः यापूर्वी दोनदा बदलल्या होत्या. उलांडी किती वेळा बदलली याची मोजदाद नव्हती. सुंभ तर ठराविक वर्षांनी नवेच घालायचे असते. या साऱ्या काळात ती त्याच माणसाची तीच होडी होती. मराठीत डागडुजी, दुरुस्ती आणि जीर्णोद्धार असे तीन शब्द आहेत. देवळाचा होतो तो जीर्णोद्धार. त्यात शिलालेख बसवतात आणि देणगीदारांची नावे कोरतात. होडीची होते ती डागडुजी. तिच्यात कोणाचे नाव लागत नाही आणि ती कधी पुरी होत नाही. मी मनाशी जीर्णोद्धार योजीत होतो; होडीला हवी होती डागडुजी, आणि ती एकदा करून भागणारी नव्हती.

अडचण पैशांपेक्षा दुसरीच निघाली. शिवण एका माणसाने होत नाही. फळ्यांच्या कडांना जोडीजोडीने भोके पाडतात, सांध्यावर काथ्याचा पेड ठेवतात आणि त्यावरून सुंभ ओढून आवळतात. एक माणूस होडीच्या आत, दुसरा बाहेर. मध्ये फळी असल्याने दोघांना एकमेकांचे हात दिसत नाहीत. आतला ओढतो तेव्हा बाहेरच्याला दोरीच्या ताणावरून कळते, की आता धरायचे की सोडायचे. मेस्त्रींचा जोडीदार त्यांचा भाऊ होता. तो गेल्याला नऊ वर्षे झाली. तेव्हापासून त्यांनी शिवणीचे काम हाती घेतलेले नाही. खिळे मारून देतो, म्हणाले, ते एकट्याने होते. खिळे खाऱ्या पाण्यात गंजतात आणि भोवतालचे लाकूडही बिघडवतात, हे त्यांनीच मला सांगितलेले असल्यामुळे या बोलण्यावर आम्ही दोघेही थोडा वेळ गप्प राहिलो.

२१ मे २०२५ रोजी कारवार येथे भारतीय नौदलात 'कौंडिण्य' हे शिडाचे जहाज दाखल झाले. त्याच्या फळ्याही काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. अजिंठ्याच्या लेण्यांत चितारलेल्या पाचव्या शतकातील जहाजावरून ते बेतले. गोव्यात बांधले आणि शिवणीचे काम केरळातील कारागिरांनी केले. जुने आराखडे शिल्लक नसल्यामुळे चित्रावरूनच जहाजाचा अंदाज बांधावा लागला. मला त्या उपक्रमाचे मनापासून कौतुक आहे. परंतु बातमी वाचताना जाणवले ते हे, की दोरीचा ताण ओळखणारे हात केरळात कोठेतरी टिकून होते म्हणूनच चित्र पुन्हा जहाज होऊ शकले. चित्राला आकार ठाऊक असतो. ताण ठाऊक नसतो. पलीकडच्या वाडीत तो ताण ठाऊक असलेले दोन हात आहेत आणि ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. होडी वाचवण्याच्या इच्छेपेक्षा हे कारण मला अधिक भक्कम वाटले. होडी वाचो न वाचो. तिच्या निमित्ताने आतल्या माणसाला एक बाहेरचा माणूस मिळाला, तरी ती घेणे सार्थकी लागेल.

याच सुमारास किनाऱ्यावरील एका पर्यटक निवासाचा माणूस काकींकडे येऊन गेला. त्याने पंचावन्न हजार सांगितले. होडी बागेत ठेवायची, तळाला पाणी निथळण्यासाठी भोके पाडायची, माती भरायची आणि फुलझाडे लावायची, असा बेत. हे ऐकून मला जे वाटले ते येथे लिहीत नाही. कारण मला काय वाटते हा प्रश्नच नव्हता. काकींना पंचावन्न हजारांची गरज होती. त्यांच्या घराच्या कौलांची स्थिती मी पाहिलेली आहे. माझ्या सांस्कृतिक आस्थेपायी त्यांनी पंधरा हजारांची झीज सोसावी, असे म्हणण्याचा मला काय हक्क? अमात्यांच्या 'धन्यास राजी करून' या अटीचा खरा भार मला त्या दिवशी कळला. राजी करणे म्हणजे पटवणे नव्हे. ज्याची वस्तू त्याचे नुकसान होऊ नये याची तजवीज करणे.

घरी हा सगळा हिशेब मी पत्नीसमोर मांडला. ती बँकेत नोकरी करते आणि आकडे पाहून हळवी होत नाही. किंमत आणि दुरुस्ती मिळून सव्वा लाख. मुलीच्या पुढील शिक्षणाचा खर्च दोन वर्षांवर आलेला. तिने दोनच प्रश्न विचारले. दरवर्षी तेल कोण देणार? आणि ती वल्हवणार कोण? मला पोहता येते ते विहिरीपुरते. खाडीच्या मुखाशी ओहोटीच्या वेळी पाण्याचा जो ओढा असतो, तेथे मी चौदा हात लांबीच्या होडीत बसलो तर ज्ञानेश्वरांचे म्हणणे शब्दशः खरे ठरायचे. मी होडी घेतली तर ती रविवारी पाहायची वस्तू होणार, म्हणजे फुलझाडे नसलेली बागच, हे तिच्या प्रश्नांमागचे म्हणणे होते. त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. काही दिवस मी तो विचार बाजूला ठेवला.

उत्तर मिळाले ते मुलांनी गोळा केलेल्या शब्दसूचीतच. 'वाटा' या शब्दापुढे एका विद्यार्थ्याने नोंद केली होती: मासे विकून आलेल्या पैशांतून खर्च वजा जाता उरलेल्याचे वाटे पडतात, माणसांचे वाटे, जाळ्यांचा वाटा आणि होडीचा वाटा. कोणाला किती, हे गावागावाप्रमाणे बदलते, पण होडीला वाटा असतोच. ही नोंद मी तपासून सूचीत चढवली होती. शिवाय सूचीच्या प्रस्तावनेत तिच्यावर एक परिच्छेदही लिहिला होता. आता ती पुन्हा वाचली तेव्हा तिच्यातली व्यवहारी सोय मला दिसली. होडीचा वाटा मालकाला मिळतो हे खरे. पण तो मिळतो तो होडीच्या नावाने. त्यातून तिचे तेल, तिचे सुंभ, तिची पुढची फळी यावी, हा त्यामागचा हेतू. होडी राबते, म्हणून तिलाही पोट आहे, असे ही रीत मानते.

त्यावरून जी व्यवस्था सुचली ती मी काकींसमोर ठेवली. मी त्यांना तीस हजार रुपये द्यावेत आणि अर्धी होडी घ्यावी; अर्धी त्यांचीच राहावी. दुरुस्तीचा सगळा खर्च माझा. होडी वापरावी त्यांच्या पुतण्याने. तो सव्वीस वर्षांचा आहे आणि दुसऱ्याच्या फायबरवर रोजाने जातो. खाडीतल्या खाडीत जाळे टाकायला, कालवे-तिसऱ्यांच्या वेळी माणसे ने-आण करायला या होडीचा उपयोग आजही आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात यंत्रावर चालणाऱ्या नौकांना मासेमारी बंद असते. वल्ह्याच्या होडीला ती बंदी नाही. होडीचा जो वाटा पडेल त्यातील अर्धा काकींचा आणि अर्धा होडीचाच. तो डब्यात जमा व्हावा आणि डागडुजीखेरीज कशालाही खर्च होऊ नये. माझा वाटा नाही. शिवणीच्या वेळी मेस्त्रींसमोर बाहेरच्या बाजूने पुतण्याने बसावे आणि त्या दिवसांचा रोज मी द्यावा, ही शेवटची अट.

काकींनी चार दिवस मागून घेतले. मी त्यांना पर्यटक निवासाच्या रकमेची आठवण दोनदा करून दिली. उद्या त्यांना वाईट वाटू नये, ही त्यामागची इच्छा. पाचव्या दिवशी त्यांचा निरोप आला. त्यांनी भावनेचे काहीही बोलून दाखवले नाही. "हॉटेलवालो एकदाच पैशे देतलो," एवढेच म्हणाल्या. त्यांच्या पंचवीस हजारांच्या फरकाची भरपाई होडीच्या वाट्यातून लवकर होईल, असे मला वाटत नाही आणि तसे मी त्यांना सांगितलेही. त्यावर त्या म्हणाल्या, की पुतण्याला रोजावर जावे लागणार नाही, याचा हिशेब सरांनी धरलेला दिसत नाही. तो मी खरोखरच धरला नव्हता. तो माझ्या कागदावर मावणाराही नव्हता.

पत्नीच्या दोन्ही प्रश्नांना आता उत्तरे आहेत, पण ती जोखमीची आहेत. मेस्त्रींचे हात थरथरतात. पुतण्याला उद्या गोव्यात चांगला रोजगार मिळाला तर तो जाईल आणि त्याने जाऊ नये असे मी म्हणू शकणार नाही. तळाची चीर पट्टी लावूनही पाणी धरील की नाही, हे होडी पाण्यात गेल्यावरच कळेल. माझे पैसे परत येण्याचा प्रश्नच नाही. पत्नीने ते 'गेले' या रकान्यात लिहून टाकले आहेत. या सगळ्यासह मी होडी घ्यायचे ठरवले आहे. कारण जेथे ती नसती घेतली तरी मला काही कमी पडले नसते, तेथे ती घेतल्याने तीन माणसांना एकमेकांची गरज निर्माण होते, आणि ती गरज पुरी होत असताना एक विद्या एका पिढीने पुढे सरकू शकते.

कागद झाले आहेत. काम मात्र पुढच्या चैत्राच्या आत सुरू होणार नाही. शिवणीचे सुंभ बाजारातून आणलेले चालत नाही, असे मेस्त्रींचे म्हणणे. नारळाची सोडणे खाडीच्या चिखलात सहा ते दहा महिने कुजत घालावी लागतात, मग ती ठेचून काथ्या काढायचा, मग तो वळायचा. गेल्या आठवड्यात पुतण्याने सोडणांच्या दोन जाळ्या भरून ओहोटीला चिखलात पुरल्या आणि वर दगड ठेवले. जागा ओळखता यावी म्हणून बाजूला एक काठी रोवली आहे. भरतीला तिचे फक्त टोक वर राहते.